दोनला कोणी गुणायचं?

ब्रेनाचा फेरपरीक्षेचा पेपर पाहून ह्रुस्का सरांचं डोकंच फिरलं. पुन्हा तेच! ०.३x + २ = ०.८x. पोरीने दशांशचिन्हं उडवून ३x + २ = ८x असं लिहिलं होतं आणि मधला दोन जिथल्या तिथे ठेवला होता. उत्तर यायला हवं होतं चार, आलं ०.४. जो दशांश घालवायला निघाली, तोच उत्तरात परत येऊन बसला होता.

आयोवातल्या त्या छोट्या गावात बीजगणिताचा मास्तर आणि मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचा कोच एकच माणूस होता. नापास मुलीने मैदानात उतरायचं नाही, हा शाळेचा नियम. म्हणजे या फेरपरीक्षेतही ती नापास झाली की शुक्रवारच्या सामन्यात त्यांची सगळ्यात भरवशाची खेळाडू बाकावर, आणि तिला तिथे बसवणारेही तेच.

“अगं, सगळ्यांना दहाने गुण म्हणून सोमवारपासून घसा कोरडा करतोय मी!”

“पण दोनला कुठे दशांश आहे, कोच? त्या बिचाऱ्याला कशाला छळायचं?”

“बिचारा म्हणे!” सरांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. “तुझी बॅटिंगची सरासरी किती?”

“तीनशे चाळीस,” ती ऐटीत म्हणाली.

“आणि कागदावर?”

“०.३४०, म्हणजे शंभर खेपांत चौतीस फटके. पण बोलताना शून्य दशांश म्हणतं का कोणी?”

“बरं. जी दर वेळी चेंडू मारते, एकदाही चुकत नाही, तिची?”

“हजार!”

“का? ती तर पूर्ण एक झाली. त्या एकाला कुठे दशांश आहे?”

“अरे! म्हणजे एकालाही हजाराने गुणलं!” ब्रेना ओरडली. मग ती फळ्याकडे धावली. ३x + २० = ८x. चार! पेपरातली बाकीची समीकरणंही तिने तिथेच सपासप सोडवली. “झाले ना मी पास?”

सरांनी पेपरावर ‘नापास’ असं लिहिलं. पेपर एकदा सरांच्या हातात दिला की मग त्यात बदल नाही. हा नियम त्यांचाच होता, आणि त्यावर बोट ठेवून त्यांनी किती पोरांना परत पाठवलं होतं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

शुक्रवारी ब्रेना बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. तिच्या जागी उभ्या केलेल्या मुलीच्या पायांमधून चेंडू निघून गेला आणि त्याबरोबर सामनाही गेला. सर येऊन शेजारी टेकले. ब्रेनाने टरफल थुंकलं आणि मैदानावरची नजर न काढता म्हणाली, “ते हजारचं सोमवारीच सांगायला तुम्हाला काय झालं होतं, कोच?”