लेंपीच्या तळ्यावरची पहार

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हते. त्या दुपारचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. चुकून निघालाच तर लेंपीचा मुलगा आर्वो कॉफी ओतायला उठतो. मग मीच कशाला तोंड उघडू, असं वाटायचं. पण परवा धक्क्यावर दोन शाळकरी पोरी उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "टब अजून उभा आहे ना, मग चल की." लोखंडाच्या अंगावर काटा येत नाही, पण मला काहीतरी झालं. म्हटलं, आता सांगायलाच हवं.

मी एक जुनी पहार आहे. माती खणायची नाही, बर्फाची. उभी केली तर माणसाच्या खांद्याला लागते. खालचं तोंड चपटं, धारदार. वर दोरीचा एक फास आहे, तो मनगटात अडकवायचा. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म खाणीतला. तेव्हा मी खडक फोडणाऱ्या यंत्राची कांब होते. एक दिवस मोडले आणि भंगारात पडले. खाणीत एइनो लाहती नावाचा लोहार होता. त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला भट्टीत घातलं. मुकादमानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, कारण तळ्यावर मासे धरायला त्यालाही अशी पहार लागायची. एइनोनं मला ठोकून ठोकून तोंड काढलं, पाण्यात बुडवलं, मी जोरात फुसफुसले. घरी नेऊन त्यानं मला आपल्या मुलीच्या हातात दिलं. तीच लेंपी. तेव्हा ती माझ्याहून बुटकी होती.

आमच्याकडे, पार उत्तरेला, तळं अर्धं वर्ष गोठलेलं असतं. लोक त्यावर चालतात, गाड्या नेतात, भोक पाडून गळ टाकून बसतात. एइनोनं लेंपीला एकच गोष्ट शिकवली. पायाआधी पहार. आधी पुढे मला आपटायचं, आवाज ऐकायचा, मग पाऊल. हिवाळ्यातला काळा बर्फ टण् वाजतो. वर हिम मुरलेला पांढरा बर्फ टक् वाजतो. आणि मार्चमधला सडका बर्फ वाजतच नाही, भस्स करतो.

"जाडी बघत बसू नकोस, लेंपी," तो म्हणायचा. "मार्चमधला बर्फ जाड असतो आणि खोटा असतो. आतून काड्या काड्या झालेल्या असतात. कानानं बघायचं."

लेंपी मोठी झाली, तिनं काठावर लाकडी घरं बांधली, पाहुण्यांना द्यायला लागली. उन्हाळ्यात नुसती झुंबड. मला मात्र आवडायचे ते आडहंगामी पाहुणे. सगळे निघून गेल्यावर येणारे, शांतता हवी असलेले. हॉलिस आणि कोरीन हे नवराबायको दरवर्षी मार्चच्या शेवटी शहरातून यायचे. हॉलिसनं सगळं आयुष्य बस चालवली होती. तो दिवसभर बर्फावर मासे धरायचा. कोरीन दिवसभर झोपायची, नाहीतर वाचायची. दोघंही खूश.

पाहुणे यायच्या आधी लेंपी मला घेऊन सगळं तळं पालथं घालायची. जिथं मी चांगली वाजले तिथं ख्रिसमसच्या झाडाची एक फांदी रोवायची. फांद्यांची ओळ म्हणजे रस्ता. ओळ सोडून जायचं नाही, एवढाच तिचा नियम. आणि दुपारी ती मला ओसरीवर टांगलेल्या लोखंडी रुळावर आपटायची. ती जेवणाची घंटा. जंगली भाताचं सूप, वेलदोड्याचा पाव. हॉलिस सगळ्यांच्या आधी दारात.

"हा मासा सोडेल, सूप नाही सोडणार," लेंपी म्हणायची.

"लेंपी, आमच्या लग्नातली घंटासुद्धा तुझ्या पहारीइतकी गोड वाजली नव्हती."

"मग तिच्याशीच करायचं होतंस," आतून कोरीन.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. हॉलिस जाताना मला थोपटून जायचा.

मग लेंपीचं खुब्याचं हाड मोडलं. सगळा कारभार तिच्या मुलाकडे आला, आर्वोकडे. आर्वो वाईट नाही. कष्टाळू आहे, आईला जपतो. पण त्यानं मोटारीचं गिरमिट आणलं. भर्रकन भोक पाडायचं, आत पट्टी सोडायची, जाडी मोजायची. फांद्या रोवणं बंद झालं. मला लाकडाच्या खोपटाचं दार उघडं राहावं म्हणून टेकवून ठेवलं. दाराला टेकून मी गंजत होते आणि गिरमिटाचा आवाज ऐकत होते. राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आता टबाचं सांगते. गावाची जुनी मजा आहे ही. भर हिवाळ्यात बर्फावर लांब नेऊन एक जुना लोखंडी आंघोळीचा टब ठेवायचा. पांढरा रंगवलेला, आत गवत भरलेली बाहुली, डोक्यावर टोपी. तो कधी बुडेल याचा प्रत्येकानं अंदाज सांगायचा. ज्याचा बरोबर येईल त्याचं नाव खानावळीच्या भिंतीवर. पण त्यातून लोकांना एक खोड लागली. सकाळी खिडकीतून टबाकडे बघायचं. टब उभा, म्हणजे बर्फ पक्का.

त्या मार्चमध्ये सकाळी कडक थंडी होती. आर्वोनं धक्क्याजवळ भोक पाडलं, पट्टी बाहेर काढून खिडकीत बसलेल्या आईला दाखवली.

"पहारीनं बघितलंस?" लेंपीनं विचारलं.

"आई, हातभर जाड आहे. ट्रक जाईल वरून."

"मी जाडी विचारली का?"

"बरं, टब बघ. अख्खा लोखंडी टब उभा आहे. हॉलिस काय टबापेक्षा जड आहे?"

"हे कोरीनला विचारू नका," हॉलिस म्हणाला, आणि बादली, गळ, स्टूल घेऊन निघाला. पार पलीकडे, खडकाळ टोकाजवळ जाऊन बसला. इथून नुसता ठिपका.

दुपारच्या आत ऊबदार वारा सुटला. छपरावरनं पाणी गळायला लागलं. बर्फावर डबकी साचली, आणि थोड्या वेळानं ती दिसेनाशी झाली. आर्वो म्हणाला, बरं झालं, वाऱ्यानं वाळलं. लेंपीचा हात कपावरच थांबला.

"वाळलं नाही ते," ती म्हणाली. "खाली गेलं. बर्फातून."

मग ती उठून उभी राहिली. काठीशिवाय. कोरीननं पुस्तक मिटलं.

टोकाजवळ फोन लागत नाही. गावातल्या बचावपथकाला फोन केला, तर ते दुसऱ्याच तळ्यावर अडकलेले. निघतो म्हणाले. लेंपीनं विचारलं, पहार कुठाय. आर्वो धावत खोपटाकडे आला, मला उचललं, दार माझ्यामागे धाडकन लागलं. त्याचे हात गार होते.

धक्क्यावर लेंपी कोरीनच्या खांद्याला धरून उभी होती. आर्वोनं तरंगायचं जाकीट चढवलं. हलकी पत्र्याची होडी बर्फावर ओढली. लेंपीनं त्याला सांगितलं, होडीची कड एका हातानं धर, सोडायची नाही, बर्फ गेला तर पोटानं होडीवर पड.

"मीच गेले असते," ती म्हणाली. "पण मला पाय नाहीत. पाय तुझे, कान माझे. मी चल म्हटल्याशिवाय हलायचं नाही."

त्यानं माझा फास मनगटात घातला.

टक्. लेंपीनं मान तिरकी केली. "चल." टक्. "चल." असं करत आम्ही टबापर्यंत पोचलो. टबाजवळ मी आपटले आणि टण् वाजले, अगदी जानेवारीसारखी. आर्वोनं मागं वळून आईकडे बघितलं. बघ, म्हणत होतो ना, असं ते बघणं.

"ते गवत आहे रे," लेंपी ओरडली. "टबाखाली फळ्या आणि गवत घातलंय तुम्हीच. त्याच्या खाली ऊन लागलेलं नाही. पुढं मार."

त्यानं टबाच्या पुढं मारलं. मित्रांनो, मी वाजलेच नाही. भस्स करून गेले, अर्धी आत, आणि खालचं वाहतं पाणी माझ्या तोंडाला लागलं. तिथून बर्फाखालून ओढ्याचा प्रवाह जातो. फास नसता तर मी आज तळाशी असते. आर्वो पोटावर होडीत पडला. भोकातून पाणी वर आलं आणि पसरलं. बर्फ हातभर जाड होता. पण आत नुसत्या उभ्या काड्या, एकमेकींना टेकलेल्या.

तेवढ्यात लांब हॉलिस उभा राहिला. त्याला आम्ही दिसलो असणार. आर्वो ओरडला, थांब, येऊ नकोस. पण वारा हॉलिसकडून आमच्याकडे होता. शब्द परत आमच्याच तोंडावर. मग आर्वोला सुचलं ते त्यानं केलं. मला उचललं आणि टबावर हाणलं. एकदा, दोनदा, परत परत. अख्ख्या तळ्यावर आवाज घुमला.

हॉलिसनं हात वर केला. गळ तिथंच टाकला. आणि झपझप चालायला लागला. सरळ टबाकडे.

आर्वो दोन्ही हात हलवायला लागला. हॉलिसनंही हलवले.

धक्क्यावर आधी कोरीनला कळलं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "त्याला वाटतंय, जेवणाची घंटा झाली."

मला काय वाटलं असेल, विचार करा. आयुष्यभर मी त्या माणसाला सुपाला बोलावलं होतं. आता मीच त्याला त्या प्रवाहावर बोलावत होते.

"वाजवू नकोस," लेंपी ओरडली. तिचा आवाज वाऱ्याविरुद्ध आमच्यापर्यंत जेमतेम आला. आर्वो थांबला. हॉलिस थांबला नाही. टब त्याला दिसतच होता.

लेंपीनं डोळे मिटले. मग ओरडून म्हणाली, "आर्वो. तो टबाकडे नाही, आवाजाकडे येतो. आवाज तिकडं ने. सावलीच्या काठानं."

तळ्याच्या दक्षिणेला उंच झाडी आहे. तिची सावली बर्फावरून कधी हलत नाही. आर्वो आल्या पावली मागं वळला आणि त्या काठाला लागला. एकदा माझं तोंड बर्फावर, एकदा माझी पाठ होडीच्या पत्र्यावर. टक्, ढण्. टक्, ढण्. पहिला आवाज लेंपीसाठी, दुसरा हॉलिससाठी. आणि लेंपी काठावरच्या हिमातून आमच्याबरोबर चालत होती. मोडका खुबा ओढत, कोरीनच्या गळ्यात हात टाकून. जवळ राहिल्याशिवाय तिला टक् ऐकू आलं नसतं. चल. चल. थांब, जरा डावीकडे. चल.

हॉलिस अजून सरळच येत होता. कोरीन त्याच्याकडे बघत नव्हती. ती लेंपीच्या पायाखालची जमीन बघत होती.

मग तो थांबला. टबाकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. हे काय नवीन, असे त्यानं खांदे उडवले. आणि वळला.

तो आवाजामागं सावलीकडे येत राहिला, आम्ही त्याच्याकडे जात राहिलो. माणूस ओळखू यायला लागला, मग त्याची टोपी, मग त्याचा चेहरा. तो दोन होड्यांच्या अंतरावर असताना मी पुन्हा आत गेले. या वेळी हळू, लोण्यात सुरी जावी तशी. आमच्या दोघांमध्ये सडक्या बर्फाचा एक पट्टा होता.

"हॉलिस, हलू नकोस," आर्वो म्हणाला. आता ओरडायची गरज नव्हती.

"सूप कुठाय?" हॉलिस म्हणाला.

"पोटावर झोप."

हॉलिसनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट झोपला. आर्वोनं होडीला बांधलेली दोरी धरून होडी त्याच्याकडे ढकलली. हॉलिसनं कड पकडली, एक गुडघा आत घेतला, आणि त्याच्या दुसऱ्या पायाखालचा बर्फ गेला. आवाज नाही, काही नाही. नुसता पाय मांडीपर्यंत पाण्यात. कोरीननं तेव्हा पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. आर्वोनं मला बर्फात रोवलं, टाच माझ्यावर टेकवली आणि दोरी ओढली. मी वाकले नाही. एवढंच माझ्याबद्दल सांगण्यासारखं.

घरी शेगडीजवळ हॉलिस थरथरत बसला. कोरीननं त्याचे ओले मोजे काढले, पाय टॉवेलात घेऊन चोळत राहिली, आणि मधूनच एक चापट मारली. बचावपथक आलं, कॉफी पिऊन गेलं. लेंपीनं खणातून कानस काढून आर्वोच्या हातात दिली.

"बोथट झालीय ती," म्हणाली.

आर्वो मला मांडीवर घेऊन कानशीनं घासत बसला. सूप गार होईपर्यंत.

टब त्यानंतर पुढच्या आठवड्यापर्यंत उभा होता. गावात कुणीतरी जिंकलंसुद्धा.

मित्रांनो, आता आर्वो पुन्हा फांद्या रोवतो. गिरमिटही वापरतो, भोक पाडायला ते चांगलंच आहे, मी उगीच जळत होते. तुम्हाला एकच मागणं आहे. काठावर एखादं जुनं अवजार गंजत पडलेलं दिसलं तर ते काय सांगायचं हे कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा. तो माणूस आहे तोवर विचारा. आणि टबावर विश्वास ठेवू नका.

अजून एक गोष्ट आहे, ती फक्त मला माहीत आहे. या हिवाळ्यात आर्वो मला आपटतो आणि धक्क्याकडे बघतो. लेंपी खुर्चीत बसून मान डोलावते. पण तिला आता ऐकू येत नाही. टण्ही नाही, भस्सही नाही. ती त्याचा चेहरा बघते. त्याला काय ऐकू आलं ते त्याच्या चेहऱ्यावर वाचते, आणि तो निर्धास्त दिसला तरच मान हलवते. त्यानं ओळखलेलं नाही.

लेंपी, तू माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. तुला ऐकू येत नाही हे मी त्याला सांगणार नाही. पण वचन देते. पाहुणे ताटकळलेले असोत, तो घाईत असो, त्याला काहीही ऐकायचं असो, जिथं बर्फ सडका असेल तिथं मी त्याच्या हातात कधी टण् वाजणार नाही.