दुधी टिपका

"बाबा, सांग बघू, ही काळी की टिपकेवाली?"

यारिलिसने चिमट्यातली मुंगी बापाच्या नाकासमोर धरली. पैज मैत्रिणींची होती. तुझा बाबा अंदाजपंचे ठोकतो, हिंमत असेल तर विचार, म्हणाल्या होत्या. आणि हिंमतीला तर हल्ली यारिलिसच्या अंगात नुसतं उधाण आलेलं.

बुरशीची शेती करणाऱ्या या चिमुरड्या मुंग्या तिचा बाप एलाडिओ ओढ्याच्या दरडीतून खणून काढायचा आणि जाती वेगळ्या करून गाम्बोआ गावातल्या संशोधन केंद्रातल्या डॉक्टरबाईंना द्यायचा. दोन्ही जाती जुळ्या बहिणी. फरक डोळ्यांत. एकीचे काळेभोर, दुसरीच्या डोळ्यात दुधी टिपका.

त्याने भिंग लावलं. मुंगी इकडून पाहिली, तिकडून पाहिली. फार वेळ पाहिली.

"काळी. यात विचारायचं काय?"

यारिलिसने ती आधीच भिंगाखाली पाहिली होती. टिपका लख्ख होता.

"बाबा, परत बघ ना."

"एकदा सांगितलं ना? डबी धर."

वारुळाचं तोंड चाचपायला त्याने दरडीकडे हात नेला. खाली पाचोळ्यात, पाचोळ्याच्याच रंगाचं वेटोळं होतं. एकिस, जहाल विषारी साप. गेल्या साली याच ओढ्यावर असल्याच सापाच्या दंशाने एकाचा पाय गेला होता. बापाचा हात आणखी खाली गेला. यारिलिसने त्याचा पट्टा धरून मागे खेचलं आणि दोघं धपकन पाण्यात पडली.

"येडी झालीस का गं?"

"साप होता, बाबा."

वेटोळं सुटलं, सरसरत दगडांमागे गेलं. एलाडिओ मात्र डोळे बारीक करून पाचोळ्याकडेच बघत राहिला.

"हां, दिसला," तो कुजबुजला. "तो बघ, तसाच बसलाय. हळूच मागे हो."

ती मागे झाली.

रात्री आईने, दालिसने, कच्च्या केळ्याचे काप तळले. "पोरीने आज मला ओढ्यात आंघोळ घातली," एलाडिओ म्हणाला. दालिस खदखदून हसली. "बरं केलं. महिन्याची राहिली होती."

यारिलिसला घास गिळवेना. सांगावं तर बापाचं जंगल सुटणार. न सांगावं तर सकाळी तो परत त्याच दरडीत हात घालणार.

"आई, बाबा," ती म्हणाली. आवाज कापत होता, तिने कापू दिला. "उद्या मी शाळेत जाणार नाही. डॉक्टरबाईंना जाऊन सांगणार आहे, बाबाला दिसत नाही म्हणून."