पाच नंबरची दोरी

"माझं जाळं काढ, भगीरथ."

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच राघोने हे वाक्य उच्चारले. त्याचा डावा हात शर्टाच्या बाहीत निर्जीवपणे लोंबत होता व डावा पाय जमिनीवर घासत येत होता. तथापि त्याच्या डोळ्यांतली घाई पूर्वीचीच होती.

"इथं नाय रे ते," मी उत्तरलो.

"मग कुठं हाय?"

"मला काय ठाव? वयनीला इचार."

"ती बोलते, उंदरांनी खाल्लं. शिशासकट खाल्लं काय उंदरांनी?"

मी हसलो नाही. कारण ज्या जाळ्याची तो चौकशी करीत होता, ते त्या क्षणी एका गोणपाटात गुंडाळलेले असून मी त्यावरच बसलेलो होतो.

मुरबाडच्या बाजारपेठेत दोर, जाळी, गळ आणि ताडपत्री यांचा विक्रेता म्हणून माझी एकतीस वर्षे गेली. वैशाखरे गावचा राघो हा माझा पहिल्या वर्षापासूनचा ग्राहक आणि पुढे मित्र. तो व्यवसायाने शेतकरी; भाताची कापणी संपली की त्याचे पाय आपोआप काळू नदीकडे वळत. आमच्याकडे ज्याला पाग म्हणतात, ते कडेला शिशाचे मणी ओवलेले, फेकायचे गोल जाळे टाकण्यात त्याची बरोबरी करणारा मनुष्य मी पाहिलेला नाही. जाळ्याची दोरी डाव्या मनगटाला, निम्मे जाळे डाव्या कोपरावर, एक कड दातांत आणि उरलेले उजव्या हातात घेऊन तो कमरेतून असा काही वळत असे, की पाण्यावर जणू ताट मांडल्याप्रमाणे जाळे उलगडत जाई. दात कड केव्हा सोडत, हे पाहणाऱ्याला कधीच कळत नसे.

भाद्रपदात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. कार्तिकात, घरच्यांची नजर चुकवून, तो एका हाताने जाळे फेकावयास गेला. जाळे पाण्यावर न पडता त्याच्याच अंगावर पडले आणि तो त्यात गुरफटून डोहात कोसळला. पलीकडच्या शेतातल्या महादूने उडी घेतली म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको अंबूबाई जीपने मुरबाडला आली आणि तिने ते ओले जाळे माझ्या पायाशी टाकले.

"भावोजी, तुमच्याकडं ठेवा ह्ये. घरात ठेवलं त ह्यो मानूस माझा नाय राहायचा."

तेव्हापासून राघोला स्वस्थता नव्हती. तो घरातून नदीवर, नदीवरून रस्त्यावरच्या थांब्यावर आणि तेथून पुन्हा घरी अशा येरझारा घालीत असे. "अंडं घालायच्या कोंबडीवानी फिरतो दिवसभर," असे अंबूबाई म्हणे. बाजाराच्या दिवशी मात्र तो न चुकता माझ्या पायरीवर येई. त्याच्याशी खोटे बोलून बोलून माझेही अन्न गोड लागेनासे झाले होते. जाळे दिले तर मित्र जाणार, न दिले तरीही तो डोळ्यांदेखत झिजत जाणार, अशा कात्रीत मी सापडलो होतो.

पौष महिन्यात त्याची कन्या भाविका दुकानात आली. ती आसनगावी दिलेली असून कल्याणच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिने पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"काका, हे बघा. फ्लाय फिशिंग."

चित्रफितीत एक गोरा मनुष्य गुडघाभर पाण्यात उभा राहून एका लांब काठीने हवेत दोरी खेळवीत होता. दोरी मागे जाई, क्षणभर सरळ होई, मग पुढे येऊन पाण्यावर अलगद निजे. टोकाला मासा नव्हे, आमिषही नव्हे, तर पिसांचा बनविलेला एक किडा होता.

"शिसं कुठं हाय याला?" मी विचारले.

"नाय. दोरीच्याच वजनानं जातं. आणि बघा ना, एका हातानं टाकतो तो! बाबांना जमंल. फिजिओथेरपीचे सर बोलले, हाताला काम द्या, नायतर माणूस आतून बसतो."

"आणि मासा पकडून तो काय करतो?"

"सोडून देतो परत."

"मंग पकडला कशाला?"

"ते बाबांना नका सांगू," ती म्हणाली.

तिने तीन संच शोधून ठेवले होते. पहिला इतका स्वस्त, की तो जत्रेतल्या खेळण्यासारखा भासे. तिसरा एवढा महाग, की त्याकडे पाहताना तिने स्वतःच बोट पुढे सरकविले. शिवाय रबरी विजारी, अनेक खिशांची जाकिटे आणि टोप्या यांचीही गर्दी होती.

"ह्ये कपडे कशाला? आमाला चड्डी पुरते."

"म्हणूनच तुमच्याकडं आले. तुमाला दोरातलं कळतं. मधल्या संचात काठीचे दोन नंबर हायत, हलका पाच आणि जड आठ. कुठला घेऊ?"

मी एकतीस वर्षे जाडीकडे पाहून दोर विकले. त्यामुळे "आठ घे, मजबूत," असे माझ्या तोंडून तत्काळ बाहेर पडले. परंतु ती गेल्यावर मनाला टोचणी लागली. या विषयात मला काडीचेही ज्ञान नाही, हे कबूल करण्याची मला लाज वाटली होती. आणि त्या लाजेपायी मी मित्राच्या हाती चुकीची वस्तू देणार होतो. मी एक जड व एक हलका असे दोन बांबू घेतले, त्यांना सुतळीचे ओले तुकडे बांधले व डावा हात पाठीशी धरून दुकानाच्या मागे ते आळीपाळीने हलवीत बसलो. जड बांबूने मनगट दहा मिनिटांत भरून आले. हलका बांबू मात्र मी चहा येईपर्यंत हलवू शकलो. शेजारचा पानवाला ओरडला, "भगीरथशेठ, माश्या मारता काय?"

मी भाविकेला फोन केला. "आठ नको गो. पाच घे. आणि दोरीपण पाच नंबरचीच असू दे, काठीला जुळणारी. पैसे वाचवायचे त रिळात वाचव. रीळ नुसतं दोरी गुंडाळायला. दोरी मात्र स्वस्तातली घेऊ नको."

"आणि किडे?"

"चारच घे. पुढचे आपून करू. तुझ्या आयशीचा कोंबडा हाय ना?"

माघातल्या एका रविवारी ती संचाची पेटी घेऊन आली. आम्ही चौघे नदीवर गेलो. पाणी उतरून स्वच्छ झाले होते आणि तळातले गोटे दिसत होते. मी गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले, जेणेकरून कोणाच्या कानात गळ रुतला तरी तो सहज निघावा. चार तुकड्यांची ती काठी जोडल्यावर नऊ फूट झाली. राघोने ती उचलली व भुवया चढविल्या.

"याला वजनच नाय. ह्ये काय पोरीच्या लग्नातली छडी हाय?"

"बाबा, मागं नेली की थांबायचं. दोरी सरळ होऊ द्यायची. मंग पुढं."

थांबणे हीच गोष्ट त्याला येत नव्हती. दोरी मागे जाते न जाते तोच तो पुढे झटका देई आणि दोरीचे वेटोळे त्याच्या टोपीवर पडे. तीनदा गळ बाभळीत अडकला. चौथ्यांदा अंबूबाईच्या पदरात.

"मला धरलंत व्हय? तीस वर्सांनी?" ती म्हणाली.

राघो हसला नाही. त्याने पाण्यावरची नजर काढली, मान वळवून मागे जाणाऱ्या दोरीवर डोळे लावले आणि ती पूर्ण ताणली जाईपर्यंत खरोखरच थांबला. मग त्याने हात पुढे आणला. दोरी त्याच्या डोक्यावरून गेली आणि पिसांचा किडा डोहाच्या कडेला, पान गळून पडावे तसा टेकला.

"आता ओढा! हळूहळू ओढा दोरी!" भाविका ओरडली.

"कशानं?" राघोने विचारले.

भाविकेने मोबाइल काढून चित्रफीत पुन्हा लावली. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. त्या गोऱ्या मनुष्याचा उजवा हात काठी खेळवीत होता खरा, परंतु डावा हात कमरेपाशी सतत दोरी ओढीत होता. आम्ही काठीची लांबी पाहिली, नंबर पाहिला, किंमत पाहिली. तो दुसरा हात मात्र आम्हा दोघांपैकी एकालाही दिसला नव्हता. रिळाची मूठसुद्धा डाव्याच बाजूला होती.

"बाबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी बघितलंच नाय."

"मी बांबू हालवून बघितला," मी म्हणालो, "पण ओढून नाय बघितलं."

अंबूबाईने पदर तोंडाशी धरला. घरी जाण्याकरिता मी पेटी उघडली. मला राघोकडे पाहवेना. आता तो काठी फेकून देईल आणि उद्यापासून पुन्हा त्या येरझारा सुरू होतील, याविषयी माझ्या मनात शंका उरली नव्हती.

राघोने काठी फेकली नाही. त्याने मान खाली घातली आणि काठीच्या मुठीपाशी लोंबणारी दोरी तोंडाच्या उजव्या बाजूने दातांत धरली. मान वर उचलून त्याने ती वीतभर ओढली, उजव्या तर्जनीखाली मुठीवर दाबली, दातांतून सोडली आणि पुन्हा धरली. त्याचे डोळे पाण्यावरच होते. दातांना काय करावयाचे ते कोणी शिकविण्याची आवश्यकताच नव्हती.

आम्ही किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही. तो पुनःपुन्हा दोरी टाकीत होता आणि प्रत्येक वेळी मागे वळून थांबत होता. उन्हे कलली. एका फेकीनंतर काठीचे टोक खाली वाकले व थरथरू लागले.

"लागला काय वो?" अंबूबाईने विचारले.

राघोने उत्तर दिले नाही. त्याच्या तोंडात दोरी होती.

तळहाताएवढी चिलापी मासळी होती. भाविकेने ती काढली व प्रश्नार्थक मुद्रेने पाण्याकडे पाहिले.

"सोडतेस काय?" राघो गरजला. "टोपलीत टाक गो!"

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो माझ्या पायरीवर आला, तेव्हा मी आपण होऊन उठलो, गोणपाट उचलले आणि त्याच्यापुढे ठेवले. माझी नजर वर होईना.

"चार म्हयने बसलास त्याच्यावर," तो म्हणाला. "मऊ लागलं काय?"

"तुला ठाव होतं?"

"गोणीतून शिसं दिसत होतं."

"मंग इचारत काय होतास दर वेळी?"

"इचारायला आलो नसतो त दिवस कसा काढला असता?" तो खाली बसला. त्याने जाळे उलगडून मांडीवर घेतले आणि ते हुंगले. मग म्हणाला, "ह्ये महादूला दे. त्याला दोन हात हायत. मला डोहातून काढताना त्याच्या पायाखाली फाटलं असंल बघ."

आणि खरोखरच, कडेजवळ वीतभर फाटले होते.

"असंच देतो की," मी म्हणालो. "तो शिवंल."

"फाटकं द्यायचं नाय. सुई दे."

मी जाळ्याची सुई धाग्याने भरून दिली. त्याने कड उजव्या पायाच्या अंगठ्यात ताणून धरली आणि एका हाताने एकेक गाठ घालू लागला. ग्राहक येत होते, जात होते. तो मान वर करीत नव्हता आणि त्याला कोठे जावयाचेही नव्हते. दुपारी शेवटची गाठ पडली. मी कात्री पुढे केली. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. खाली वाकला आणि धागा दातांनी तोडला.