मेलामाइनवरचा अंगठा

लीलाबाईच्या भोजनालयातलं टेबल परत आलं, तेव्हा हेमराजचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. गरम चहाच्या ग्लासांची पांढरी वर्तुळं टेबलभर उमटली होती. हेमराजनं हयातभर सागवानाला चपड्याचं पॉलिश केलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या गादीनं कोपर दुखेपर्यंत घासायची. बालाघाटातली निम्मी देवघरं त्याच्या हातानं चमकलेली. पण लाखेला ऊन चहा सोसत नाही, आणि चहा तर गिऱ्हाईक पिणारच.

"हेमराजभाऊ, आता दुसरा पॉलिशवाला पाहते मी," लीलाबाई म्हणाली.

हेमराजनं त्याच दिवशी दुकान बंद करायचं ठरवलं. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या अंकितला जागा भाड्यानं द्यायची बोलीही करून टाकली. पण त्याची लेक मयुरी आडवी आली. ती गोंदियाच्या एका फर्निचर कारखान्यात काम शिकून नुकतीच परतली होती.

"हे टेबल मले द्या, बाबा. लीलाबाईनं पसंत केलं तं दुकान मी चालवतो."

"अन् नाही केलं तं?"

"तं अंकितले चाबी देऊन टाका."

मयुरीनं जुना चपडा स्पिरिटनं पुसून काढला. बापाचं काम दोन चिंध्यांत निघून गेलं, हेमराजला ते पाहवेना. मग तिनं मेलामाइनच्या राळेत हार्डनर मोजून ओतलं.

"हे काय टाकून राह्यली?"

"थोडंसं तेजाब आहे, ॲसिड. राळेच्या साखळ्या सुट्या सुट्या असतात, बाबा. तेजाब त्याहिची सोयरीक जुळवते. मंग त्या एकमेकींचा हात सोडत नाहीत."

"अन् तेजाब?"

"ते मध्यस्थ. लग्न लावून देते, सोता बोहल्यावर चढत नाही."

हेमराजला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. पोरीनं ब्रश एका दमात कडेपासून कडेपर्यंत ओढला. हात मोठा बेतशीर होता, हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

पौषाची थंडी होती. सकाळी मयुरी फकिराच्या पोल्ट्रीवर काही आणायला गेली, तेवढ्यात हेमराजनं टेबलाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहिला. चिकट! झालं, गेलं दुकान.

"अजून वाळलं नसन," ती येताच तो म्हणाला. "तेजाब वाढव."

"तेजाब जास्त झालं तं आज चमकन अन् उद्या तडकन. त्याले ऊब पाहिजे."

तिनं पिशवीतून बल्ब काढले. फकिरा ते कोंबडीच्या पिल्लांसाठी लावायचा. दारं उघडी ठेवून थिनरचा वास पुरता जाऊ दिला, मग टेबलावर पत्र्याचं खोकं पालथं घालून आत बल्ब लावले.

"अंडी उबवून राह्यली का वं?"

"हौ. दुकान निघते त्यातून."

हेमराज उन्हाला बसला खरा, पण चार-चारदा उठून पत्र्याला हात लावत होता. तापलेल्या राळेचा डोळ्यांना झोंबणारा वेगळाच वास येत होता. आत ना गादी, ना कोपर. नुसती ऊब आणि थेंबभर तेजाब. तेवढ्यावर राळ आपलं रूप पालटत होती. त्याला नवल वाटलं, आणि ते करणाऱ्या लेकीचं त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई उकळत्या चहाचं पातेलंच घेऊन आली आणि सरळ टेबलावर ठेवून मोकळी झाली. हेमराजनं डोळे मिटले. तिनं पातेलं उचललं. वर्तुळ नाही, वाफेचा डागसुद्धा नाही. हेमराजनं स्पिरिटची चिंधी घेऊन जोर लावून घासलं. चिंधी कोरी. थिनर लावलं. तरी कोरी.

"वा रे माही पोरगी!" तो ओरडलाच.

पुसत पुसत तो कोपऱ्यापाशी आला आणि हात थांबला. लखलखत्या पॉलिशमध्ये एक अंगठा स्पष्ट उमटला होता, पटाशीच्या जुन्या जखमेच्या रेघेसकट. त्यानं घासलं, पुन्हा घासलं. अंगठा हलेना.

"हे काय आहे?" लीलाबाई वाकली.

मयुरीनं ती रेघ पाहिली आणि बापाकडे पाहिलं. "माह्या हातून झालं, काकू."

दुकान पणाला लागलं असताना पोरगी हेमराजची लाज झाकत होती.

"खोटं बोलून राह्यली ते," तो म्हणाला आणि अंगठा पुढं केला. "माहा आहे. पोरीवर भरवसा नव्हता, म्हणून ओल्यात दाबून पाह्यला."

लीलाबाईनं अंगठा ताडून पाहिला. मग हसली. "पुसल्या जाते का?"

"नाही."

"मंग राहू दे. बाकीचे टेबलं उद्या धाडते. फक्त तुमी दूर बसा."

तेवढ्यात अंकित चावी मागायला दारात उभा राहिला. हेमराजनं त्याला टेबलाचा कोपरा दाखवला.

"दुकान पोरीचं झालं, बापा. अंगठा देऊन बसलो."

"पर काका, अपनी बात तो हो गई थी ना!"

"हौ, झालती," हेमराज म्हणाला. "पण ते बोलणं चपडा होतं. हे पुसल्या जात नाही."