गुरुवारचा कप

विद्येसाठी दिलेले दान श्रेष्ठ मानावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु देताना घेणाऱ्याच्या मानाला ओरखडा उमटला, तर त्या दानाचे पुण्य नेमके कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न दात्यांच्या सभेत सहसा कोणी विचारत नाही.

१९८४ सालच्या उन्हाळ्यात रत्नागिरीतील एका शिक्षण-निधीने गरीब महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत दोन महिन्यांची उमेदवारी ठेवली. राजापूर तालुक्यातील एका बौद्धवाडीची विमला त्यासाठी निवडली गेली. विद्यावेतन होते, राहण्यास खोली होती; आणि जेवणासाठी, जुन्या वहिवाटीप्रमाणे, सात दात्यांच्या घरी सात वार लावून दिलेले होते.

सहा घरी ती आत, सर्वांच्या पंगतीला बसे. गुरुवारी कमलाकाकूंकडे मात्र तिचे पान पडवीत मांडले जाई. काकूंचा हात वाढताना कधी आखडत नसे.

"अगो, लाजू नको हो! आमटी घे आणखी. दिवसभर माती चाळायची म्हणजे भूक लागतेच."

"काकू, तुमच्या आंब्याच्या बागेतल्या मातीचा अहवाल मीच तयार केला. चुना कमी आहे तिच्यात."

"हो का!" काकूंचा चेहरा खुलला. "तरीच हे म्हणाले, पोर हुशार आहे. बरं, चहा झाला की कप विसळून कोनाड्यात ठेव हो. नेहमीसारखा."

विमलाने कप विसळला. पहिल्या गुरुवारी तिने पान अर्धेच टाकले होते. आता घासाची चवच लागत नसे. हात जेवत, आणि ती नुसती बसून राही. कपाचा कान तुटलेला होता.

"हा कप कधीपासूनचा, काकू?"

"झाली की पाच-सहा वर्षं. तुझ्याआधी ती गुहागरची पोर येत असे, तिच्या वेळचा. जपून ठेवलाय हो मी."

विमलाने कोनाड्याकडे पाहिले. तिच्याच वाडीतल्या गंगाने पुढील वर्षासाठी अर्ज केला होता.

उमेदवारी संपली. निधीचा असा रिवाज होता, की विद्यार्थ्याने आभाराचे पत्र लिहून द्यावे, ते वार्षिक सभेत वाचले जावे, आणि मग प्रमाणपत्र हाती घ्यावे. अलोऱ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा विमलाच्या प्रमाणपत्रासाठी खोळंबली होती. निधीचे चिटणीस रावजी मास्तर सभेआधी तिचे पत्र वाचू लागले:

'प्रयोगशाळेत मी पुष्कळ शिकले. सहा घरी मी जेवले. सातव्या घरी मला पडवीत वाढले गेले आणि माझा कप बाहेरच्या कोनाड्यात राहिला. पुढच्या मुलीला वार लावू नयेत. तिला खानावळीत जेवू द्यावे.'

मास्तरांनी चष्मा काढला. "बाय गो, शेवटचं तेवढं खोडून टाक. पत्र आत्ताच मंजूर करतो, प्रमाणपत्र घेऊन जा. काकू काही वाईट नाहीत."

"नाहीत, सर. म्हणून तर आठ गुरुवार गप्प बसले."

"मग हे सभेपुढेच जाईल, आणि तोवर प्रमाणपत्र अडेल. अलोऱ्याची जागा थांबायची नाही."

"म्हायती हाय." तिच्या तोंडी अवचित घरची बोली आली. "पन गंगा त्या कपातून चा पिनार नाय."

मास्तरांनी पत्राची घडी घातली, एकही अक्षर न खोडता.

श्रावणातल्या सभेत त्यांनी ते उभे राहून वाचले. वार बंद झाले. प्रमाणपत्र टपालाने वाडीवर आले, तेव्हा अलोऱ्याची जागा भरून महिना लोटला होता. विमलाने ते ट्रंकेत ठेवले आणि ती भाताच्या बेणणीला, तण उपटायला, निघाली.

"रडलीस तरी चालंल गो," आई, सखू, म्हणाली.

"येत नाय रडू."

पुढच्या उन्हाळ्यात गंगा रत्नागिरीस गेली. तिचे ताट सर्वांच्या रांगेत मांडलेले असो. ज्या हातांनी तो कप इतका जपला, त्या हातांना तो उचलून घरात नेण्याचे बळ येवो. आणि विमलाला, केव्हातरी, आपल्या घासाची चव परत लाभो.