माउंटिंगला बांधलेली दोरी

बॉनेट नीट लागलेलं नाही, हे समिनाला हायवेला लागल्यावर कळलं. वाऱ्यानं त्याची कड थरथरत होती. तिनं गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट दाबून लावलं, आणि हात पुसताना तिला कडेवर काळ्या तेलाची बोटं उमटलेली दिसली. तिनं स्वतः कित्येक दिवसांत बॉनेट उघडलं नव्हतं. आदल्या दिवशी तिची सुट्टी होती. ती एसटीनं बारामतीला गेली होती आणि गाडी दिवसभर भिगवणला घराच्या दारात उभी होती. घरी तिघंच होते. अब्बा, थोरला भाऊ इरफान आणि भाभी मेहजबीन.

शेजारी बसलेल्या मोनानं काय झालं म्हणून विचारलं. समिना काही नाही म्हणाली. दोघी लोणी देवकरच्या एकाच कारखान्यात कामाला होत्या आणि रोज या गाडीनं जात.

गाडी अब्बांची. गाव त्यांना महंमदचाचा म्हणायचं. ते मासळीच्या धंद्यात होते तेव्हा त्यांनी ती घेतली आणि पंधरा-वीस वर्षं जिवापाड सांभाळली. पुढं काचबिंदूनं त्यांची नजर गेली. ती जात असतानाच एकदा त्यांनी गाडी शेजाऱ्यांच्या भिंतीला घासली, तेव्हापासून गाडीजवळही जायचं नाही अशी इरफाननं त्यांना ताकीद दिली होती. समिना तलाक होऊन माहेरी परतली, त्यानंतर अब्बांनीच शेजारी बसून, नुसत्या आवाजावरून सांगत सांगत तिला गाडी शिकवली.

इरफानला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. कारखान्याची बस दारावरून जाते, मग हा खटारा कशाला, असं तो म्हणायचा. त्यात महिनाभरापासून गाडी हादरायला लागली होती. सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरायचं, क्लच सोडला की खालून काहीतरी आपटायचं. इंजिनच गेलंय, असं इरफाननं जाहीर करून टाकलं, आणि तिला न विचारता लासुर्ण्याचा एक माणूस गाडी बघायला घेऊन आला. समिनानं त्या माणसाला चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून बहीणभावात धड बोलणं नव्हतं.

बॉनेट लावून निघाल्यावर त्या सकाळी पळसदेवच्या पुढं तिनं ओव्हरटेक करायला गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. क्लच सोडताच आतून असा दणका बसला की गिअरचा दांडा तिच्या हातातून निसटला. गाडीचं बळच गेलं. मागून ट्रक हॉर्न देत आला आणि अगदी घासून निघून गेला. मोनानं डोळे मिटून घेतले होते. समिनानं कशीबशी गाडी कडेला आणली, गिअर पुन्हा टाकला आणि हळूहळू कारखाना गाठला. तिच्या डोक्यात मात्र बॉनेटवरची ती बोटंच होती.

संध्याकाळी ती हळूहळू गाडी चालवत थेट हिंदुरावांच्या गॅरेजला गेली. भिगवणमध्ये अब्बांच्या वेळेपासून हीच गाडी त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी बॉनेट उघडून तिला आत बसवलं. हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवर पाय दाबून धरायचा, आणि पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा सोडायचा, असं सांगून ते पुढं उभे राहिले. इंजिन एका बाजूनं वर उचललं गेलं. रिव्हर्स टाकल्यावर ते उलट्या बाजूला कलंडलं.

इंजिनाला काही झालेलं नाही, असं ते म्हणाले. इंजिन ज्या रबराच्या बैठकांवर बसतं ती माउंटिंग संपली होती. रबर वयानं चिरलं होतं, वर तेल झिरपून फुगलं होतं. समिनाला हायसं वाटलं. पण हिंदुराव टॉर्च घेऊन उजव्या बाजूला वाकले आणि बराच वेळ सरळ झाले नाहीत.

"ताई, मधी कुणाला गाडी दावली हुती का?"

"न्हाय."

"मग घरातल्याच कुणाचा तरी हात लागलाय. हा बोल्ट बघा. आपसूक सैल झाला असता तर त्याच्यावर धूळ असती. हितं पान्याची ताजी खूण हाय."

त्यांनी फटीत हात घालून टायरचा एक कापलेला तुकडा ओढून काढला. तो हिरव्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेला होता. असला उद्योग कुणी कशाला केला असंल ते त्यांना कळेना. त्यांनी ती गाडी ठेवून घेतली, सामान बारामतीहून मागवावं लागेल म्हणाले. समिनानं तो तुकडा कॅरीबॅगमध्ये घालून पर्समध्ये ठेवला.

घरी जाताना वाटेत इरफानचं मासळीचं दुकान लागत होतं. दुकानाच्या खांबाला हिरव्या दोरीचं बंडल टांगलेलं होतं. त्यातनं दोरी तोडून इरफान क्रेट बांधत होता. तिला बघून त्यानं विचारलं, गाडी कुठंय? गॅरेजला, म्हणून ती पुढं निघाली. त्यानं पुढं काहीच विचारलं नाही, हेही तिला खटकलं.

मग तिला सगळंच दिसायला लागलं. जिन्याखालची पान्यांची पिशवी जागेवर नव्हती, ती इरफानच्या स्कूटरपाशी पडली होती. भाजी निवडता निवडता तिनं मेहजबीनला सहज म्हणून, आपण बारामतीला गेलो त्या दिवसाबद्दल विचारलं. भाभी म्हणाली, दुपारी ती गच्चीवर होती, खाली बॉनेट आपटल्याचा आवाज आला, समिनाच आली असं तिला वाटलं. इरफान तेव्हा घरीच होता, झोपला असावा. असावा, हा शब्द समिनाच्या मनात घोळत राहिला. बसनं कामावर जाता-येता ती तेच ते जुळवत बसायची. गाडी बंद पडावी, ती घाबरावी, मग गाडी गेलीच. भावाचा हेतू तिला स्पष्ट दिसत होता. तो जेवताना खोकला तरी ती त्याच्या तोंडाकडं बघायची. मोनाला मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही. आपल्याच भावाबद्दल असं काही बोलायची तिला लाज वाटत होती.

शेवटी एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तिनं तो टायरचा तुकडा दस्तरखानावर, ताटांच्या मधोमध ठेवला.

"भाई, हे गाडीत तू घातलंस?"

इरफाननं तुकडा बघितला, दोरी बघितली, मग तिच्याकडं बघितलं. तो ओरडला नाही.

"गाडी थांबवायची असती तर मी चावी काढून घेतली असती. तुला आन् त्या मोनाला मारायला निघालो असं वाटतंय व्हय तुला?"

समिनानं नजर ताटाकडं वळवली. तेच उत्तर झालं. मेहजबीन नवऱ्याकडं आणि नणंदेकडं आळीपाळीनं बघत होती.

"दे हितं," अब्बा म्हणाले.

कुणी दिला नाही म्हणून त्यांनीच चाचपडत हात पुढं केला. तुकडा बोटांत धरून त्यांनी गाठीवरनं अंगठा फिरवला.

"ही गाठ माझी हाय. जाळ्याची गाठ. इरफानला ती कधी आलीच न्हाय."

मग ते हळूहळू सांगत गेले. रोज सकाळी गाडी निघताना ते पलंगावर पडून ऐकायचे. रबर बसलंय हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. सांगितलं असतं तर इरफान म्हणाला असता, बघा, गाडी संपली, आणि मग गाडी गेली असती. त्यांना वाटलं, गाडी गेली तर बस कामापुरती, बाकी पोरगी परत घरात बसंल. जुन्या दिवसांत मासळी घेऊन जाताना वाटेत असाच टायरचा तुकडा ठोकून त्यांनी वेळ भागवली होती. ती बारामतीला गेली, तेव्हा त्यांनी इरफानच्या दुकानातनं आणलेल्या दोरीनं, जिन्याखालच्या पान्यानं, चाचपत तेच केलं. आत शिरायला जागा व्हावी म्हणून बोल्ट सैल केला. परत आवळताना मनगटात जोर राहिला नव्हता. पान्यांची पिशवी स्कूटरपाशीच राहून गेली.

"मला वाटलं, बोल्ट बसला," ते म्हणाले.

समिनाला पळसदेवचा ट्रक आठवला. अब्बांवर रागवावं असं तिला वाटलं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून तो राग टिकेना. ती इरफानकडं वळली, तोवर तो उठून हात धुवायला गेला होता. हात धुऊन तो तसाच बाहेर पडला.

हिंदुरावांनी मागवलेलं सामान अजून आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इरफान मासळी पोचवायला बारामतीला गेला आणि येताना तिन्ही माउंटिंग घेऊन आला. घरी नाही, परस्पर गॅरेजला दिली. हे समिनाला हिंदुरावांच्या फोनवरून कळलं.

ती अब्बांना सोबत घेऊन गेली. हिंदुरावांनी इंजिनाखाली लाकडाची फळी आणि तिच्याखाली जॅक लावला, इंजिनाचं वजन त्यावर घेतलं आणि एकेक करून जुनी माउंटिंग काढली. उजवीकडच्याचं रबर लोखंडापासून सुटून हातातच आलं. नवी बसवल्यावर त्यांनी जॅक उतरवला, इंजिन आपल्या जागी बसू दिलं, आणि मगच बोल्ट शेवटचे आवळले. हे सगळं चाललं असताना ते अब्बांना बोलत होते. आंधळेपणी पाना हातात धरायचा असंल तर आधी माझ्याकडं यायचं, चाचा. अब्बा नुसते मान हलवत होते. गाडी चालू झाल्यावर त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गाडी सुरळीत झाली. इरफान मात्र तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. तिनं एकदा दुकानात जाऊन चुकलं म्हणून सांगितलं. तो तराजू पुसत म्हणाला, ऱ्हाऊ दे. मग तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मग एका रविवारी मेहजबीनला इंदापूरला माहेरी जायचं होतं. इरफाननं चावी मागितली. समिनानं ती लगेच दिली. तो अंगणात गेला आणि गाडीत बसायच्या आधी त्यानं बॉनेट उघडलं.

"समिना, हितं ये. बघून घे, सगळे बोल्ट जागेवर हायत."

ती जागची हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते. इरफान बॉनेट लावून तिच्याजवळ आला आणि चावी तिच्या हातात परत दिली.

"तूच चल घेऊन. मी मागं बसतो," तो म्हणाला. "तुझी भाभी म्हणती, माझ्यापेक्षा तू बरी चालवतीस."