चौघांची दोन मिनिटं

रमजानला दोन महिने असताना, रजबच्या पहिल्या तारखेला मी मोजलं तेव्हा आमच्या संगणक-कोडाला एकूण एकतीस फांद्या होत्या. नऊ अर्धवट सोडलेल्या. सात एकमेकींच्या नकला. सहा इतक्या जुन्या की खोड त्यांच्या फार पुढे निघून गेलेलं. पाचांचे धनी पत्राला उत्तर देत नव्हते. उरलेल्या चार जोडण्याजोग्या.

आमचा कोड सगळ्यांना खुला आहे. गावाचे अक्षांश-रेखांश दिले की तो तिथल्या नमाजांच्या वेळा सांगतो, आणि सूर्यास्ताची वेळ म्हणजेच रोजा सोडायची वेळ. कुणीही त्याची प्रत घ्यावी, मूळ खोडाला हात न लावता स्वतःच्या फांदीवर बदल करावा आणि पाठवावा. ती फांदी खोडाला जोडायची की नाही, हे राखणदार ठरवतो. आमच्या उज्दा शहरातल्या शाळेत गणित शिकवलेल्या सी लार्बींनी ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री') हा कोड सुरू केला आणि अकरा वर्षं राखला. मोतीबिंदू वाढला तेव्हा त्यांनी तो माझ्यावर सोपवला, एका अटीवर: दुसऱ्यानं लिहिलेली ओळ त्याला विचारल्याशिवाय पुसायची नाही.

त्या चारही फांद्या मी एकाच दुपारी जोडल्या. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळं लिहिलं असेल तर यंत्र अडतं आणि विचारतं. चारही वेळा ते अडलं नाही. मी खूश होते.

शाबानच्या, म्हणजे रमजानआधीच्या महिन्याच्या, तिसऱ्या सोमवारी हम्मूचा फोन आला. हम्मू बाजारात घड्याळं दुरुस्त करतो आणि आमचा कोड भरलेली भिंतीवरची घड्याळं लोकांच्या घरी लावून देतो.

"रिहाब, तुझं घड्याळ झोपलंय का गं?"

"काय झालं?"

"यामिनाचा आज सोमवारचा रोजा होता. नवा कोड घातलेलं घड्याळ घरीच लावलं, म्हटलं बघू. शेजारच्या मशिदीत बांग झाली, लोकांचं सूप पिऊन झालं, आणि आमची बायको खजूर हातात धरून घड्याळाकडे बघत बसलीय. साखरेची पेशंट आहे ती."

"मग खायचं ना."

"मी तेच म्हटलं. तर म्हणते, तुम्हीच विकता ना हे घड्याळ, मग तुमचाच भरवसा नाही का?"

मी गणित तपासलं. सूर्यास्त झाल्यावर पाच मिनिटं चौतीस सेकंदांनी घड्याळ वाजलं होतं. गेल्या रमजानात हा फरक दोन मिनिटांचा होता.

येत्या रविवारी रमजानसाठी देशभर घड्याळं एक तास मागे जाणार होती. त्याच दिवशी हम्मू शिडी घेऊन फिरतो आणि एकशे बारा घड्याळांत नवा कोड भरतो. पुढे वर्षभर त्यांना कुणी हात लावत नाही. म्हणजे माझ्याकडे पाच दिवस होते. तोवर दुरुस्ती झाली नाही, तर एकशे बारा घरं महिनाभर रोज उशिरा रोजा सोडणार.

कोडातल्या प्रत्येक ओळीला इतिहास असतो: कुणी लिहिली, कधी, कशासाठी. मी एकेक ओळ मागे नेत गेले. सूर्यास्ताच्या सूत्रात सी लार्बींची पहिल्यापासूनची दोन मिनिटं होती. कारण लिहिलं होतं, 'खबरदारी'. गावांच्या यादीत नादोरच्या झकारियानं दोन मिनिटं घातली होती, कारण डोंगरावरच्या वस्तीला सूर्य जरा जास्त वेळ दिसतो. पण ती सगळ्याच गावांना लागू होत होती. घड्याळाच्या भागात खुद्द हम्मूचं एक मिनिट होतं, कारण स्वस्त घड्याळं पुढे पळतात. चौतीस सेकंद माझे होते. वेळ दाखवताना सेकंद उरले तर मी पुढचं मिनिट धरत होते. मागचं धरलं आणि एखाद्याचा रोजा सूर्य असतानाच सुटला तर, अशी मला भीती होती.

सी लार्बींची सोडून बाकी तिन्ही भर रजबमध्ये जोडलेल्या फांद्यांतून आली होती. चार माणसं, चार वेगळ्या जागा. म्हणून यंत्र अडलं नव्हतं.

"माझं मिनिट काढ," हम्मू लगेच म्हणाला. "पण मग बाकीचेही काढ. नाहीतर उद्या म्हणशील, हम्मूनंच घोटाळा केला होता."

झकारिया फोनवर हसला. "माझी दोन काढतेस? डोंगरावर माझी आत्या राहते. तिला तू समजाव, मी नाही. आणि उस्तादांनी काढली का त्यांची?"

"त्यांना अजून विचारलं नाही."

"आधी तिथे जा. ते हो म्हणाले तर माझंही हो."

बुधवारी दुपारी मी सी लार्बींकडे गेले. पुदिन्याच्या चहाचा पेला माझ्यापुढे सरकवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही," ते म्हणाले. "इतक्या लोकांचा रोजा माझ्या मानेवर आहे, पोरी. दोन मिनिटं राहू दे."

"राहू द्या. मग बाकीच्यांची काढते."

"म्हणजे सगळ्यांचा भार मी एकट्यानं उचलायचा? चुकलं तर लार्बी चुकला."

"उस्ताद, काढायचीही नाहीत आणि एकट्याची ठेवायचीही नाहीत, मग मी करू काय?"

"तुला राखण दिली ती मला विचारायला?"

मला राग आला, पण मी वहीतलं पान फाडलं. "एक सांगा. एकूण किती उशीर चालेल तुम्हाला? तुमच्या ओळीचं नाही विचारत, सगळा मिळून."

"दोन मिनिटं."

तिथूनच मी फोन लावला. हम्मू म्हणाला, दोन पुष्कळ झाली. झकारिया म्हणाला, दोन, आत्यासकट. मी माझा आकडा लिहिला: दोन. पान त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं.

"चौघांना दोनच हवी होती," ते म्हणाले, "आणि झाली साडेपाच."

"एकच ओळ लिहू. खबरदारी, दोन मिनिटं, एकाच जागी. खाली लेखक म्हणून चौघांची नावं. इतिहासात ती एकत्र राहतील."

"नावं कोणत्या क्रमानं?"

"अक्षरांच्या."

"मग मी शेवटी," ते म्हणाले. अरबीच्या क्रमानं पाहिलं तर खरंच तसं होतं. "चालेल. पण कागदावरच्या सूर्यास्तावर मी सही करत नाही. तू आणि हम्मू, दोघांनी डोळ्यांनी बघा. एकाच्या डोळ्यांवर मी विसंबत नाही, आणि माझ्यावर तर नाहीच."

गुरुवारी मी नवी फांदी काढली, चारही जुन्या ओळी पुसल्या, एक लिहिली. खोडाला जोडली नाही. शुक्रवारी ढग होते.

शनिवारी आम्ही तिघं शहराबाहेर अंगादच्या माळावर गेलो, जिथे पश्चिमेला अडथळा नाही. हम्मूनं नव्या फांदीचं घड्याळ गाडीच्या टपावर ठेवलं. सी लार्बी खुर्चीवर पाठमोरे बसले.

"मला काही सांगू नका," ते म्हणाले. "फक्त 'गेला' म्हणा, दोघांनी एकदम."

आम्ही म्हणालो. मी सेकंद लिहिले. मग घड्याळ वाजेपर्यंत थांबलो.

गणितानं दिलेला सूर्यास्त: सहा वाजून छप्पन्न मिनिटं चौदा सेकंद. डोळ्यांनी पाहिलेला: सहा छप्पन्न एकवीस. घड्याळ वाजलं: सहा अठ्ठावन्न चौदा. पाहिलेल्या सूर्यास्तापासूनचा उशीर: एक मिनिट त्रेपन्न सेकंद. सी लार्बींच्या होकारानंतर त्याच रात्री फांदी खोडाला जोडली.